शिदोरी कोणी बांधायची?

दिवाळीच्या अंकात भांडण उकरून काढू नये, असा एक अलिखित संकेत आहे. ताटात अनारसा, दारात पणती, मांडीवर अंक, आणि त्या अंकात कोणी मास्तर तावातावाने हातवारे करतो आहे, हे दृश्य सणाला शोभत नाही, हे मलाही कळते. परंतु संपादकांनी मजकडे लेख मागितला तो "शिबिराला किंवा रानातल्या मुक्कामाला नेण्याजोगे सोपे व टिकाऊ पदार्थ" या विषयावर. हलकेफुलके लिहा, असेही बजावले. मी कागद पुढे ओढला आणि पहिल्याच विशेषणाशी अडलो. 'टिकाऊ' समजले. 'सोपे' म्हणजे काय, ते समजेना. कोणाला सोपे?

माझा या विषयातला अधिकार आधीच सांगून टाकतो. मी परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यात शिकवतो. मॅट्रिकच्या पुढे माझी मजल गेली नाही. पुढे कादंबऱ्या लिहिल्या, त्या पाहुण्यारावळ्यांनी वाचल्या. चाळिशी उलटेपर्यंत मी भाकरी नुसती खाल्ली, थापली कधीच नाही. स्वयंपाकावर मते मात्र माझी पहिल्यापासून ठाम होती. पुरुषांची बहुधा अशीच असतात.

भांडणाचे मूळ गेल्या जानेवारीत आहे. आमच्या शाळेची चाळीस मुले-मुली येलदरीच्या बाजूला दोन मुक्कामांच्या शिबिराला निघाली. पूर्णा नदीवरचे येलदरीचे धरण आमच्याच जिल्ह्यात, जिंतूर तालुक्यात आहे. पाणी, माळ आणि डोक्यावर मोकळे आकाश. मुलांना आणखी काय हवे? शिबिर भरवणाऱ्यांनी आधी एक छापील यादी पाठवली. बॅटरी, पांघरूण, टोपी वगैरे ठीक होते. जेवणाच्या सदरात नूडल्सची पाकिटे, पावाच्या लाद्या, जाम, लाल सॉस, बिस्किटे आणि वापरून फेकायच्या ताटल्या, इतके सगळे होते. हे सामान एकगठ्ठा घेण्यासाठी माणशी वर्गणी होती. आणि यादीच्या तळाशी ठळक अक्षरांत एक सूचना होती: 'घरचे डबे आणू नयेत.' का, तर सर्वांचे जेवण एकसारखे असावे.

एकसारखे झाले खरे. सर्वांचे सारखेच हाल झाले. घरी लहानशा भांड्यात दोन पाकिटे पाच मिनिटांत होतात, हे कोणीही मान्य करील. पण साठ-सत्तर पाकिटे एका पातेल्यात रिचवली म्हणजे वरचा थर कच्चा राहतो आणि तळाची खळ होते, हे शास्त्र पाकिटावर छापलेले नव्हते. त्या खळीने शाळेच्या हस्तलिखिताची वर्षभराची पाने चिकटवता आली असती. पावाच्या लाद्या टेम्पोत सतरंज्यांच्या गठ्ठ्याखाली गेल्या होत्या. त्या पावाचा कागद झाला होता. मुलांनी जाम बोटांनी चाटला. रात्री दहाच्या सुमारास थंडी वाढली तसा तंबूतून कुजबुजीचा आवाज येऊ लागला, आणि भुकेल्या मुलांची कुजबुज मास्तराला लगेच ओळखू येते.

मी कंदील घेऊन आत गेलो तर एक मुलगा पांघरुणाखाली काहीतरी दडवतो आहे. जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेली धपाटी. आईने हट्टाने दिली होती, अकरा होती, आणि कोपऱ्यात कागदाच्या पुडीत शेंगदाण्याची चटणी. चाळीस तोंडे आणि अकरा धपाटी! मी नखाएवढे तुकडे करून वाटले. ज्वारीच्या पिठात थोडे बेसन, तीळ, ओवा, हळद-तिखट घालून केलेली ती धपाटी सकाळी तव्यावरून उतरलेली होती आणि रात्रीही मऊ होती. मी त्या मुलाला विचारले, "अरे, लपवून का ठेवलीस?" तो खाली मान घालून म्हणाला, "गुरुजी, यादीत नव्हती."

वाचकहो, माझे भांडण त्या तीन शब्दांशी आहे. ज्या मुलाच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या शिदोरी बांधली जाते, त्याला ती चोरीच्या मालासारखी लपवावी लागते आणि खळ उघडपणे खावी लागते. मग ही यादी तयार करणाऱ्यांनी मुलांना रानात नेऊन शिकवले तरी काय?

आता, पाकिटाच्या नावाने नुसता शंख करणे हाही एक सोपा उद्योग आहे. तो मला करायचा नाही. झटपट नूडल्स १९५८ साली जपानात मोमोफुकु आंदो या गृहस्थांनी काढले. युद्धानंतरच्या टंचाईत एक वाडगा गरम जेवणासाठी लोक रांगेत उभे राहतात, हे त्यांनी पाहिले होते. भुकेल्या माणसासाठी शोधलेली वस्तू आहे ती. तिची टिंगल करण्याचा मला अधिकार नाही. आपल्याकडे म्हैसूरला सैन्याच्या अन्नाचे संशोधन करणारी प्रयोगशाळा १९६१ पासून आहे. बर्फातल्या चौक्यांवर जवानाला जे तयार जेवण पाकिटातून मिळते त्यामागे या प्रयोगशाळेचे कष्ट आहेत. १९८४ साली राकेश शर्मा अंतराळात गेले तेव्हा त्यांच्यासाठी भारतीय पदार्थही तिनेच तयार करून दिले होते. जिथे चूल पेटत नाही, पाणीसुद्धा बर्फ वितळवून मिळवावे लागते, तिथे पाकिटाला पर्याय नाही. परंतु येलदरी म्हणजे सियाचेन नव्हे. येलदरीला पाणी आहे, काटक्या आहेत, तीन दगड तर हवे तितके आहेत. तिथे पाकीट न्यावे लागते, कारण चूल आपल्याला पेटवता येत नाही आणि पेटली तर तिच्यावर काय ठेवायचे ते ठाऊक नाही.

आणि ठाऊक असणारे लोक तर आपल्या घरातच आहेत. घरी परतल्यावर मी आमच्या मंडळींना आणि माझ्या म्हाताऱ्या आत्याबाईंना समोर बसवून वहीत टिपणे घेतली. जन्मभर ताटावर बसून नावे ठेवणारा माणूस टिपणे घेऊ लागला, म्हणून त्या दोघींनी आधी पोटभर हसून घेतले. मग सांगू लागल्या, आणि माझ्या लक्षात आले की टिकाऊ अन्नाचे आमच्या मराठवाड्यात एक पूर्ण शास्त्र आहे. फक्त ते कोणी यादीत लिहीत नाही.

पहिले येसर. मराठवाड्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: गहू, हरभऱ्याची डाळ, धने, जिरे, सुके खोबरे, मिरची असे जिन्नस वेगवेगळे भाजून एकत्र दळले म्हणजे येसर होते. प्रत्येक घराचे प्रमाण निराळे, आणि प्रत्येक घराला आपलेच बरोबर वाटते. भाजल्यामुळे त्यातला ओलावा जातो, म्हणून डब्यात कोरडा चमचा घातला तर ते महिनोन्‌महिने राहते. रानात काय करायचे? तेलात लसूण तडतडू द्यायचा, दहा वाट्या पाणी ओतायचे, वाटीभर येसर गार पाण्यात कालवून त्यात सोडायचे, मीठ घालायचे. पंधरा मिनिटांत आठ जणांची आमटी. डाळ शिजवायची नाही, वाटण वाटायचे नाही. भाजणीमुळे आमटी आपोआप दाट होते. मला सांगा, पाकिटातले सूप याहून वेगळे काय करते?

दुसरे पिठले. एका वाटी बेसनाला तीन वाट्या पाणी, हे प्रमाण माझ्यासारख्यालाही पाठ होते. तिसरी मुगाच्या डाळीची खिचडी. तूरडाळ रानात नेऊ नये, ती शिजेपर्यंत सरपण संपते आणि माणसेही. चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या मूगडाळ, पंधरा-सोळा वाट्या पाणी. आठ मुले जेवतात. यात घालायला उन्हाळ्यात वाळवलेली मेथी किंवा गवार असेल तर भाजीचाही प्रश्न सुटतो. शिवाय मुगाचे सांडगे, बाजरीच्या खारोड्या, कैरीच्या वाळवलेल्या फोडी, मीठ लावून वळलेला चिंचेचा गोळा. चटण्या तर विचारू नका: शेंगदाण्याची, जवसाची, कारळाची, तिळाची. एकच पथ्य, तेलबियांची चटणी महिन्या-दोन महिन्यांपलीकडे ठेवू नये, खवट होते. दशमी पाण्याऐवजी दुधात भिजवलेली असते आणि प्रवासात दोन दिवस चालते. सोलापूरकडची कडक भाकरी आठवडेच्या आठवडे राहते, कारण तिच्यात पाण्याचा अंशच उरू देत नाहीत. दिवाळीचा फराळ तरी दुसरे काय आहे? चकली, शेव, शंकरपाळे, चिवडा हे सारे ओलावा घालवून टिकवलेलेच अन्न. आता तुमच्या मांडीवर अंकाशेजारी जी ताटली आहे, ती एका अर्थी शिदोरीच आहे.

ज्वारीच्या पिठाविषयी आत्याबाईंनी मला जे सांगितले ते कोणत्याही पुस्तकात मी वाचले नव्हते. पीठ फार दिवसांचे झाले की त्याची 'विरी' जाते. म्हणजे चिकटपणा जातो. भाकरी थापताना फाटते, उचलताना तुटते. मग ते पीठ उकळत्या पाण्यात भिजवायचे, म्हणजे पुन्हा एकजीव होते. म्हणून लांबच्या मुक्कामाला पीठ थोडे आणि धान्य जास्त न्यावे. बाजरीचे पीठ तर आठवडाभरातच कडू होऊ लागते. हे ज्ञान किती जुने असेल! आषाढीच्या आधी शेगावहून गजानन महाराजांची पालखी निघते ती आमच्या परभणी-गंगाखेडवरून पंढरपूरला जाते, महिनाभराची वाट. अशा वाटेवर चालणाऱ्या बायाबापड्यांनी शेकडो वर्षे काय बांधून नेले असेल, याचा विचार आम्ही इतिहासाच्या तासाला कधी केला नाही.

हे सगळे टिपून घेतल्यावर मला स्फुरण चढले. मी मनात म्हटले, झाले, यादी तयार! पुढच्या शिबिराला आपले मराठमोळे, स्वस्त, टिकाऊ आणि सोपे जेवण! तेव्हा माझ्या मंडळी शांतपणे म्हणाल्या, "अहो, सोपं कसं? येसर भाजायला दोन दुपारी जातात. सांडगे घालायला पहाटे उठून डाळ वाटावी लागते. मेथी निवडून वाळवायची, रोज उन्हात टाकायची, संध्याकाळी आत घ्यायची. तुम्ही रानात पंधरा मिनिटांत आमटी कराल. बाकीचं आम्ही मे महिन्यातच करून ठेवलेलं असेल."

मी वही मिटली. पाकिटातले जेवण सोपे असते, कारण कारखान्यातल्या कोणीतरी ते आधी करून ठेवलेले असते. डब्यातले येसर सोपे असते, कारण घरातल्या कोणीतरी ते आधी करून ठेवलेले असते. कारखान्यातल्याला निदान मजुरी मिळते.

एवढ्यावर मी थांबलो असतो, पण मला आणखी एक धडा मिळायचा होता. जूनमध्ये शाळा उघडली. आठवीत एक मुलगी आहे, तिचे आईबाप ऊस तोडायला जातात. बीडच्या ऊसतोड कामगारांचे नाव सर्वतोमुखी आहे, पण आमच्या जिल्ह्यातून, गंगाखेडच्या डोंगरपट्ट्यातूनही ट्रकच्या ट्रक भरून माणसे जातात. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन निघायचे, कारखान्याजवळच्या माळावर पाचटाची कोपी घालायची आणि उन्हाळा तापेपर्यंत तिथेच राहायचे. ही मुलगी गेल्या हंगामात त्यांच्याबरोबर होती. मला वाटले, हिच्यासारखे रानातल्या मुक्कामाचे ज्ञान कोणाला असणार? मी मोठ्या कौतुकाने, सगळ्या वर्गासमोर म्हटले, "यंदाच्या शिबिरात स्वयंपाकाची प्रमुख तू. तुला सगळं येतं."

ती उठून उभी राहिली. "गुरुजी, मी नाही येणार."

"का गं?"

"आम्ही सहा महिने तिथंच असतो."

वर्गात दोघे-तिघे हसले. ती हसली नाही. मला त्या दिवशी पुढचा धडा शिकवता आला नाही.

संध्याकाळी मी तिच्या घरी गेलो. आई अंगणात ज्वारी पाखडत होती. मी आपला चूक कबूल करायला गेलेला माणूस, पण जात्याच चौकस, बोलता बोलता विचारलेच, "ताई, कोपीवर स्वयंपाकाला काय काय नेता?" ती म्हणाली, "काय न्यायचं गुरुजी? जवारी, तिखट, मीठ, तेल, थोडी डाळ. बाकी तिथल्या दुकानात उधारीवर." दिवसाची हकिगत तिने चार वाक्यांत सांगितली. पहाटे तीनला उठायचे. दिवसभराच्या भाकरी थापायच्या. उजाडायच्या आत फडात. दुपारी फडातच भाकरी-चटणी, आणि संध्याकाळी परतल्यावर पुन्हा चूल. ऊस भरायला गाडी रात्री कधीही येते. ती आली की हातातली भाकरी टाकून उठायचे. मी विचारले, "मग भाकरी-चटणी सोपी पडते म्हणायची." तिने सूप खाली ठेवले. "सोपी? खाणाऱ्याला सोपी."

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजतात. दोघांचे काम एका हिशेबात. पण पहाटे तीन ते पाच या वेळात जो कोयता एकटा जागा असतो, त्याच्या कामाचा रकाना कोणत्याच हिशेबात नाही. तिने थापलेल्या भाकरीवर टोळी चालते, टोळीवर कारखाना चालतो, आणि कारखान्याच्या साखरेवर तुमचा-माझा हा दिवाळीचा लाडू वळला जातो. हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा त्या ट्रकवर ताडपत्री बांधली जात असेल.

म्हणून माझा राग जितका त्या छापील यादीवर आहे, तितकाच दुसऱ्या एका मंडळींवर आहे, आणि ही मंडळी स्वतःला भाकरीची कैवारी समजतात. हिवाळा आला की शहराबाहेरच्या रस्त्यांवर पाट्या लागतात: 'चुलीवरची भाकरी', 'अस्सल गावरान ठेचा', 'हुरडा पार्टी'. हुरडा आमच्या परभणीचा जीव की प्राण आहे. आगटीवर भाजलेली, तळहातावर चोळलेली कोवळी ज्वारी, तिच्याबरोबर गूळ आणि तिळाची चटणी, याला मी कशाला नावे ठेवू? पण तिथे काय होते ते पाहावे. एक बाई धुरात बसून दोन-दोनशे भाकरी थापते. पाहुणे तिच्या पाठीशी उभे राहून आपले फोटो काढतात. "वा, काय चव आहे! घरी अशी होत नाही," असे म्हणतात. घरी होत नाही, कारण घरी तुम्ही थापत नाही, हे त्यांना कोण सांगणार? पाकीटवाला निदान भाकरीला विसरतो. हे लोक भाकरीची आरती करतात आणि थापणारीला विसरतात. आणि मी स्वतः? मी त्या मुलीला वर्गात उभे करून त्याहून निराळे काय केले होते?

भरड धान्यांचेही असेच झाले. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष त्यांच्या नावाने साजरे केले. भाषणे झाली, ज्वारीची बिस्किटे निघाली. आमच्या परभणीला १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. तिथल्या आणि हैदराबादजवळच्या इक्रिसॅटच्या शास्त्रज्ञांनी 'परभणी शक्ती' नावाचे ज्वारीचे वाण काढले, ते २०१८ साली प्रसारित झाले. त्यात लोह आणि जस्त नेहमीच्या ज्वारीपेक्षा अधिक आहे. उत्तम गोष्ट आहे. इकडे शेतात सोयाबीन आणि कापसाने ज्वारीची जागा घेतली, ती गोष्ट निराळी. पण मला विचारायचे ते इतकेच: ही लोहयुक्त भाकरी थापणार कोण? या प्रश्नावर एकाही व्यासपीठावरून कोणी काही बोलल्याचे मी ऐकले नाही. गृहीतच धरलेले असते.

माझे म्हणणे साधे आहे. शिबिराला शिदोरी न्यावी, चूलही मांडावी, पण रांधायचे मुलग्यांनी. मुलींनी करू नये असे नाही. पण मुलींना ते घरी चुकत नाही, मुलग्यांना कुठेच करावे लागत नाही. बालवीर चळवळीचे बेडन-पॉवेल यांनी १९०७ साली ब्राउनसी बेटावर वीसएक मुलगे नेऊन पहिले शिबिर भरवले, ते लहान लहान टोळ्या पाडून. काठीला कणीक गुंडाळून विस्तवावर भाजण्याची युक्ती बालवीर अजून शिकतात. विलायती मुलाने कणीक काठीला गुंडाळली की ते साहस होते. आमच्या मुलाने परातीत मळली की घराण्याची अब्रू जाते! आमच्याकडे तर काठीचीही गरज नाही. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले गव्हाचे रोडगे आणि वांग्याची भाजी हा रानातला स्वयंपाक आमच्या गावोगावचे पुरुष देवाच्या नवसाला स्वतः करतात आणि मिशीवर ताव देऊन वाढतात. नवसाला जमते, मग रोजच्याला का जमू नये?

चाळीस जणांच्या भाकरी एका चुलीवर होणार नाहीत, हे मी मान्य करतो. म्हणून आठ-आठ जणांच्या पाच टोळ्या, प्रत्येकीचे आपले तीन दगड, आपला तवा, आपले पीठ. पहिल्या रात्री घरून आणलेली धपाटी आणि चटणी. ती बांधताना मुलाने आईजवळ बसून निदान दोन तरी स्वतः लाटायची किंवा थापायची. दुसऱ्या दिवशी दुपारी खिचडी, रात्री येसराची आमटी आणि माणशी दोन भाकरी, म्हणजे टोळीला सोळा. दीड किलो पिठात भागते. शेवटच्या सकाळी पिठले. उरलेला भात रात्रभर ठेवायचा नाही. पाणी उकळून घ्यायचे. वर्गणी गेल्या वर्षीच्या निम्म्यानेही लागणार नाही, आणि कचऱ्याला टाकायला लसणाची टरफले सोडून काही उरणार नाही. ही यादी मी हाताने लिहून मुख्याध्यापकांकडे दिली आहे. 'घरचे डबे आणू नयेत' या जागी 'येसर घरी भाजताना मदत केल्याशिवाय आणू नये' असे लिहिले आहे.

रंगीत तालीम म्हणून सहामाही परीक्षेनंतरच्या एका शनिवारी शाळेच्या मागच्या पटांगणात एक चूल मांडली. आठ मुलगे आणि मी. पीठ माझ्याच घरचे, थोडे जुने. मी ऐटीत उकळते पाणी ओतले, हात पोळून घेतला. सोळा भाकरींपैकी अकरा तव्यावर टाकतानाच मोडल्या. उरलेल्या पाचांपैकी एकीचा आकार थेट महाराष्ट्राच्या नकाशासारखा आला, तिच्यावर मी भूगोलाचे दोन प्रश्न विचारून घेतले. मोडक्यांचा आम्ही आमटीत काला केला आणि चाटूनपुसून खाल्ला. ती आठवीतली मुलगी भिंतीपलीकडून पाहत होती. यंदा ती आजीपाशी गावातच राहणार आहे. बऱ्याच वेळाने तिने एकच सूचना केली, "गुरुजी, पाणी हळू घाला की." आणि निघून गेली. चुलीजवळ ती आली नाही. मीही बोलावले नाही.

सोमवारी एक पालक तणतणत आले. "मास्तर, पोराला शाळेत भाकरी थापायला घातलंय का आम्ही?" मी त्यांना बसवले, चहा दिला. शिकून पुण्याला गेला तर खोलीवर काय खाईल, वगैरे मी बोलून पाहिले; त्यांचे समाधान झाले नाही. हे आपल्या घरात कधी झाले नाही, असे म्हणून ते गेले.

दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या शनिवारी पुन्हा पीठ आणायला सांगितले आहे, या वेळी ताजे. त्या पालकांचा मुलगा परवा वाटेत भेटला, इकडेतिकडे पाहिले, आणि हळूच विचारले, "गुरुजी, तवा लोखंडाचाच आणू का बिडाचा?"